वन्संनी उतरवलेला विमा

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण गोजाबाई, कुठेही जायला निघाल्या की तीनदा माघारी फिरायच्या. एकदा चुलीत निखारा राहिलाय का ते बघायला, दुसऱ्यांदा कुलूप ओढून बघायला, आणि तिसऱ्यांदा, आधी दोनदा खरंच बघितलं होतं का ते आठवेना म्हणून. तोवर चिंचवड स्टेशनातून पुण्याला जाणारी गाडी शिट्टी देऊन निघून गेलेली असायची. मी चिडून म्हणायचे, "वन्सं, आपल्या घरात चोरानं न्यावं असं आहे तरी काय?" त्या म्हणायच्या, "चोर भिताड तरी ठिवतो गं इंदे. इस्तू तेबी ठिवत न्हाई."

हे त्या ऐकीव बोलत नव्हत्या. चाकणच्या पुढे एका वाडीत त्यांचं सासर होतं. नवरा तापाने गेला आणि वर्षाच्या आत, चैत्रातल्या वाऱ्यात, शेजारच्या कडब्याला ठिणगी लागली. वन्सं पाण्याला गेल्या होत्या. भरलेली कळशी डोक्यावर घेऊन आल्या तेव्हा छप्पर खाली बसलं होतं. ती एक कळशी घेऊन माहेरी आल्या, आणि ह्यांचे आईवडील गेल्यावर भावाजवळ राहिल्या.

ह्यांना पिंपरीच्या नव्या कंपनीत काम लागलं तसे आम्ही चिंचवड गावात नदीच्या अंगाला दोन खोल्या घेऊन राहिलो. साल छप्पन्न असेल. आज मी निगडीला धाकट्या लेकीकडे राहते. खाली वॉचमन, दाराला तीन कुलपं, दाराला पाडलेल्या भोकातून आधी बघायचं आणि मग दार उघडायचं. तरी तेव्हासारखी निवांत झोप मला पुन्हा कधी लागली नाही. तेव्हा आमच्याकडे वन्सं होत्या.

त्यांची ती पितळी कळशी चुलीपाशी कायम भरलेली असायची. तिच्यातलं पाणी प्यायचं नाही, भांड्यांना घ्यायचं नाही, ते आगीसाठी. रॉकेलचा डबा दाराबाहेर. बियाणं, दागिना आणि कागद एका ठिकाणी ठेवायचे नाहीत. सगळं एका पेटीत ठेवणारा माणूस चोराचा भाऊ, असं त्यांचं म्हणणं. याच्या जोडीला दारावर बिबा, उंबऱ्याखाली खिळा, आणि दर अमावास्येला तिन्हीसांजेला पोरींवरून दहीभात ओवाळून नदीकडच्या तिवाट्यावर नेऊन ठेवायचा. कळशी शहाणपणाची आणि बिबा वेडेपणाचा, असं मी म्हणायचे. मी सातवी पास होते, तेव्हा एवढं म्हणायचा मला हक्कच होता! वन्संना मात्र या दोहोंत काही फरक दिसायचा नाही. घर राखायचं, मग ते पाण्यानं राखा नाहीतर बिब्यानं.

कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी यशवंतराव म्हणून एक विमा एजंट सायकलवरून यायचे. काळा कोट, पायाला सायकलची क्लिप, आणि बोलणं साखरेत घोळलेलं. सरकारने विमा कंपन्या नुकत्याच ताब्यात घेतल्या होत्या, त्यामुळे पैसे कुठे जायचे नाहीत, हे ते दर रविवारी नव्याने सांगायचे. ह्यांचं मन होत होतं. मला मात्र ते सगळं अभद्र वाटायचं. धडधाकट माणसाचं मरण शाईने लिहून ठेवायचं आणि त्याखाली माझं नाव घालायचं, म्हणजे काय? सातवी पास बाई घाबरली होती, आणि ज्यांना अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं त्या वन्संच उंबऱ्याशी बसून कान देऊन ऐकत होत्या.

"आक्का," यशवंतराव त्यांना म्हणाले, "माणूस म्हटला की जोखीम आलीच. ती जोखीम आम्ही आमच्यावर घेतो. विमा उतरवला की घरानं निर्धास्त व्हायचं."

"म्हंजी सयावरची पिडा तुमी घेनार?"

ह्यांचं नाव मी घेत नाही, पण हे वन्संच्या तोंडचं आहे म्हणून लिहिलं.

"तसंच म्हणा," यशवंतराव हसले.

"आन् घर जळालं तर?"

"घराचाही उतरवता येतो. त्याच्या कंपन्या वेगळ्या असतात."

 वन्सं म्हणाल्या, "माझं जळालं तवा कुठं व्हता रं बाबा तुमी?"

 यशवंतरावांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्या रविवारपासून त्यांचा चहा वन्सं स्वतः करायच्या, आणि आलं घालून करायच्या. हे सही करायला चालढकल करत होते, तर त्यांनी भावाला दटावलं, "उतरीव म्हंते ना मी!"

पौषात टपालाने जाड कागद आला. ह्यांनी दोनदा वाचला, लांबट पाकिटात घातला, माझ्या ट्रंकेत ठेवला आणि म्हणाले, "चला, विमा उतरवून झाला एकदाचा." आणि सायकल काढून कामावर गेले.

मी भाकऱ्या थापत होते. वन्सं मागे येऊन उभ्या राहिल्या.

"इंदे, उतरलेलं घरात कशापायी ठिवलंय?"

मला वाटलं, सगळं एका पेटीत नको, हे त्यांचं नेहमीचं पालुपद चाललंय. मी मान न वळवता म्हटलं, "मग तुम्हाला बरं वाटेल तिथं ठेवा." ट्रंकेची किल्ली त्यांच्याच कमरेला असायची. ते शब्द माझे आहेत. पुढे कितीही आकांडतांडव केलं तरी ते शब्द माझेच आहेत.

पौष अमावास्येला तिन्हीसांजेला वन्सं पदराखाली काहीतरी घेऊन बाहेर पडल्या, मागे न बघता परत आल्या, दारात पायांवर पाणी घेतलं आणि आत आल्या. दर अमावास्येला त्या हेच करायच्या, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

माघात ह्यांना ताप भरला. आधी वाटलं साधा असेल. मग डॉक्टर विषमज्वर म्हणाले. दोन आठवड्यांत माणूस अंथरुणाला चिकटला, ओळख देईना. एके सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "बाई, हे दोन दिवस निघाले तर निभावले. गावाकडून कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

मी आत गेले. थोरली पाच वर्षांची, धाकटी पाळण्यात. हे गेले तर या दोघींना घेऊन मी कुठे जाणार होते? आणि मग, लाज वाटते सांगायला, मला त्या कागदाची आठवण झाली. ज्याला अभद्र म्हटलं होतं तोच कागद छातीशी धरून बसावंसं वाटलं. मी वन्संच्या कमरेची किल्ली जवळजवळ हिसकावली आणि ट्रंक उघडली. पाकीट नव्हतं.

"वन्सं, विम्याचा कागद?"

"तिवाट्यावर हाय."

मला कळेचना. त्या ह्यांच्या कपाळावरची पट्टी बदलत शांतपणे सांगत होत्या, "आवसंला सयावरनं उतरला आन् ठिवून आले. यशवंतरावानं नुसताच कागद धाडला, पुढचं कोन करनार? उतारा घरात ठिवत न्हाईत."

खेड्यात वाढलेल्या बाईला ‘उतरवणे’ म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. दृष्ट उतरवतात, पीडा उतरवतात, आणि उतरवलेली वस्तू तिवाट्यावर टाकून येतात. यशवंतरावांनी महिनोन् महिने हाच शब्द वापरला होता आणि आम्हा शिकलेल्यांपैकी एकालाही कळलं नव्हतं, की तो वन्संना कसा ऐकू येतोय.

पण तेव्हा मला कसला विचार सुचतोय? मी ओरडले. "तुमचं एक घर जळालं, आता माझंही जाळलंत!"

वन्संचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी चपला न घालताच दाराकडे निघाले, तर त्यांनी उठून माझं मनगट धरलं. भाकरी-धुण्याचा हात, सुटता सुटेना.

"तू न्हाई. सवाष्न हायस, लेकुरवाळी हायस. उतारा उचलला की पिडा उचलनाऱ्याच्या अंगावर येती. तू शिवायचं न्हाई."

"मग कोण शिवणार?"

त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि गेल्या. त्या दिवशी त्या एकदाही माघारी फिरल्या नाहीत.

शेजारच्या पुतळाबाई पाण्याहून धावत आल्या. "अवं, तुमच्या वन्संनी उतारा उचलला! भर दुपारचा! आमी समद्यांनी बगितलं!" गावात कुणी उताऱ्याला हात लावत नाही, म्हणूनच कागद तिथे राहिला होता. दहीभात कुत्र्यांनी खाल्ला होता, पण धोंड्याखालच्या मडक्यात फडक्यात गुंडाळलेलं पाकीट तसंच होतं. तीन आठवडे येणारंजाणारं माणूस त्याला वळसा घालून गेलं होतं. बँकेच्या तिजोरीत तरी एवढी राखण होते का?

वन्सं परत आल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मी हात पुढे केला तर मागे सरल्या.

"शिवू नगंस. मी धरते, तू तिथनंच वाच."

त्यांनी कागद उलगडून धरला. त्यावर हळदीची बोटं उमटली होती, एक मुंगी ओळीवरून चालली होती. आत पाळणा, बाहेर वन्सं, मध्ये उंबरा, आणि मी मान वाकडी करून वाचत होते.

"सयाचं नाव हाय नव्हं?"

"आहे."

"पोरींला मिळंल नव्हं?"

"मिळेल, वन्सं."

"मग ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. ह्यो आता आत आनायचा न्हाई."

दोन दिवस निघाले, ताप उतरला. पंधरा दिवसांनी हे काठी धरून ओट्यापर्यंत आले. तिथे वन्संनी आपली घोंगडी टाकली होती. उशाशी पत्र्याचा डबा, डब्यात तो कागद, आणि बाजूला भरलेली कळशी. मी चुलीपाशी दुसरी कळशी ठेवली होती, तिच्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

त्यानंतर वन्सं उंबऱ्याच्या आत कधी आल्या नाहीत. ह्यांनी समजावलं, रागावले, एकदा तर हाताला धरून ओढलं. "आक्का, अगं नुसता कागद आहे तो!" त्या म्हणायच्या, "उचलला तो उचलला." भावावर सावली पडू नये म्हणून त्या उन्हाची बाजू बघून बसायच्या. मग हेच ताट घेऊन उंबऱ्याच्या आत बसायचे आणि वन्सं बाहेर, दोघं एकमेकांकडे बघत जेवायचे. तिन्हीसांजेला बाहेरून हाक यायची, "इंदे, निखारा इझला का?" मी आतून ओरडायचे, "विझला!" कधी न बघताच ओरडायचे. ते त्यांना बाहेर बसूनही कळायचं, आणि दुसरी हाक यायची.

यशवंतरावांना हे सगळं कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, कागद हरवला तर अर्ज करून दुसरी प्रत मिळते. एवढं कशाला करायचं?"

मी वन्संना हे कधीच सांगितलं नाही. आणि ‘माझंही घर जाळलंत’ म्हणाले, त्याची माफीही मागितली नाही. रोज वाटायचं, उद्या मागू. त्यांच्या पानात भाकरी मात्र नेहमी तव्यावरची पहिली वाढली. माझ्यासारख्या बाईला एवढंच जमतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. हे सत्तरी पार करून गेले. पॉलिसीची मुदत त्याआधीच पुरी झाली होती. ऑफिसातल्या कारकुनाने तो पिवळ्या बोटांचा कागद उलटसुलट करून विचारलं, "आजोबा, हे काय सांडलंय?" ह्यांच्याआधी मीच म्हटलं, "हळद आहे हो, घरातलीच."

वन्सं एकोणसाठच्या थंडीत गेल्या. ओट्यावर पडदे लावले होते, तरी छातीत कफ धरला. आम्ही आत घेतो म्हटलं तर त्यांनी दगडी खांबाला मिठी मारली. शेवटच्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"इंदे, आता ने कागद आत. आता भ्या न्हाई. पिडा माझ्यासंगं चालली."

मला तेव्हा तरी म्हणायचं होतं, की वन्सं, माझं चुकलं. माझं घर तुम्ही जाळलं नाहीत, राखलंत.  पण मी नुसता डबा उचलला आणि आत जाऊन ट्रंकेत ठेवला. बाहेर येताना चुलीपाशी थांबले. राख चाळली, हात घालून बघितलं. दाराशी पोचले आणि परत फिरून पुन्हा एकदा बघितलं.

ओट्यावर आले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते, ओठ तेवढे हलत होते. काय विचारतायत ते मला ऐकायची गरज नव्हती.

"विझलाय, वन्सं," मी म्हटलं. "आज खरंच बघून आलेय."