बाबांनी बंद केलेला यूपीएस

आमच्या घरात लाइट गेली की बाबा उठतात आणि एकेक बटण बंद करत सुटतात. आधी फ्रिज, मग टीव्ही. लाइट परत येताना झटका येतो आणि वस्तू जळतात, हे त्यांचं ठाम मत. पनवेलमध्ये लाइट जाण्याला तोटा नाही, त्यामुळे त्यांचा सराव कधी सुटला नाही.

शेजारच्या काकू बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. जवळचे सगळे केव्हाच इस्रायलला गेलेले; आता मुलाने त्यांनाही बोलावून घेतलं होतं. त्यांच्या आईकडून आलेली मेंदीची मराठी गाणी त्यांच्याशिवाय कुणालाच येत नव्हती. नातवंडांना ऐकवायला ती पेनड्राइव्हवर हवी होती. दोन रविवार आमच्या हॉलमध्ये बसून त्यांनी माझ्या फोनवर नऊ गाणी म्हटली. बाबा तोंडासमोर पेपर धरून ऐकत होते. नववं गाणं काकूंना कित्येक वर्षांनी अचानक आठवलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता माझा शहाणपणा. मी नोकरीच कंप्यूटर सांभाळण्याची करते. कॉपी झटपट व्हावी म्हणून घरच्या डिस्कचं राइट कॅशिंग मी पूर्ण मोकळं सोडलं होतं. म्हणजे माहिती आधी तात्पुरत्या मेमरीत थांबते, स्क्रीनवर ‘झालं’ दिसतं आणि डिस्कवर प्रत्यक्ष लिहिणं मागून सावकाश होतं. मध्येच वीज गेली तर राहिलेलं सगळं जाऊ शकतं, असा इशारा तिथेच लिहिलेला असतो. ऑफिसात मी तो लोकांना वाचून दाखवते. घरी यूपीएस आहे ना, म्हणून टिक करून मोकळी झाले.

काकूंच्या विमानाला दोन दिवस उरले होते. गाणी डिस्कवर टाकली, ‘झालं’ दिसलं. फोनमधली जागा भरलेली, म्हणून त्यातून लगेच खोडली आणि कुकर बघायला गेले. तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस आपलं काम करत होता, फक्त टीटी करून ओरडत होता. बाबांनी फ्रिज बंद केला, टीव्ही बंद केला आणि हा एवढा ओरडतोय म्हणून यूपीएसही बंद केला.

लाइट आल्यावर नऊच्या नऊ फाइली जागेवर होत्या. नावं बरोबर, साइज बरोबर, आत काहीच नाही. फोनमधून परत मिळवायची खटपटही वाया गेली. मी बाबांवर भयंकर ओरडले. चूक माझी आहे हे ओरडतानाच कळत होतं, म्हणून आवाज आणखी चढला. बाबा एवढंच म्हणाले, "मला वाटलं, खराब होईल."

काकूंना सांगायला माझा पाय उचलत नव्हता. त्या म्हणाल्या, "अगं, मग परत म्हणते. बॅगा काय, होतील भरून."

आठ गाणी झाली. नववं येईना. काकूंनी डोळे मिटले, मांडीवर ताल धरला, पण सुरुवातच सापडेना. तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला आणि पहिली ओळ म्हणून दाखवली, सपशेल बेसूर.

"हो, हेच! पुढे?" काकू म्हणाल्या.

पुढचं दोघांनाही आठवलं नाही.

काकू इस्रायलला गेल्या. कॅशिंग आता बंद आहे. त्यांच्या पेनड्राइव्हवरची नववी फाइल अकरा सेकंदांची आहे. तिच्यात बाबांची एक ओळ आहे, काकूंचं "पुढे?" आहे आणि नंतर नुसता आमच्या हॉलचा पंखा ऐकू येतो.