खिडकी खाली आणा

बारा वर्षं मी अंगणवाड्यांची पाहणी करते आहे. वजनकाटा, खाऊ, भिंतीवरची चित्रं, सगळं तपासते. परवा एका वाडीतल्या सेविकाताई सहज म्हणाल्या, "मॅडम, एकदा पोरांनाही विचारा की."

मी चार वर्षांच्या राणीला विचारलं, "तुझ्या अंगणवाडीत काय बदलू या?"

"खिडकी खाली आणा," ती लगेच म्हणाली.

मला हसू आलं. खिडकी चांगली मोठी होती, बाहेर हिरवंगार शिवार होतं. "अगं, दिसतंय की सगळं!"

"तुला दिसतंय," असं म्हणून तिनं माझा हात ओढून मला खाली बसवलं.

तिच्या उंचीवरून नुसती भिंत दिसत होती, आणि वर आभाळाची एक पट्टी. इतकी वर्षं लेकरांच्या खोल्या मी उभ्यानंच पाहिल्या होत्या, आणि हे मला सांगायला तिला एक वाक्य पुरलं. मी थक्क होऊन तिच्याशेजारी तशीच बसून राहिले.

ताईंनी खिडकीखाली बाक सरकवला. राणी वर चढली आणि गज धरून बाहेर पाहू लागली. मग हळूच म्हणाली, "केवढं आहे!"