उशीखालचं इंजिन

मागच्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात माझा नवरा खेप संपल्यावर जहाजावरून साइन ऑफ होऊन रत्नागिरीला घरी आला आणि त्याला झोप लागेना.

तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. या खेपेनंतर परत जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम मिळालं होतं आणि दिवाळी झाली की रुजू व्हायचं होतं. मुंबईच्या एजंटने मात्र पुढच्या जहाजावरची जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती. त्यालाही दिवाळीपर्यंतच उत्तर हवं होतं. आधीच्या सुट्ट्यांमध्येही नवरा नीट झोपत नसे. पण सुट्टी संपायची, त्यामुळे तो प्रश्न आम्ही कधी हातात घेतला नव्हता.

“असंच चाललं तर मी एजंटला हो सांगणार,” तो म्हणाला. “अर्धवट झोपेत मशीनवर उभा राहिलो तर हात जाईल.”

मला तो घरी हवा होता. मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते. कारण कळेपर्यंत विचारत राहणं हा कामाचाच भाग आहे. रात्री नेमकं काय होतं, असं मी त्याला विचारलं.

“काहीच होत नाही,” तो म्हणाला. “पंखा सोडला तर घरात काहीच चालू नसतं. कसा झोपू?”

म्हणजे त्याला आवाज हवा होता. मग कुठला आवाज आणि तो कानापर्यंत न्यायचा कसा, असे दोन प्रश्न उरले. दुसरा सोपा वाटला होता. तो कुशीवर झोपतो. कानात घालायची बिनवायरची बोंडं उशीवर दाबली गेली की कान दुखे, आणि सकाळी त्यातलं एक चादरीच्या घडीत सापडे. वायरवाली आणली तर वायर मानेभोवती फिरली. चहा घेऊन आलेल्या सासूबाईंनी ते पाहिलं. “मेल्या, फास लावून झोपतोस काय?” एवढं बोलून त्या कप ठेवून गेल्या. नंतर कपाळावरून कानांपर्यंत येणारी, आत चपटे स्पीकर शिवलेली कापडी पट्टी मागवली. ती आरामाची होती, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात तिच्याखाली घाम साचून कपाळावर पुरळ उठलं. शेवटी वडीएवढा चपटा स्पीकर उशीखाली ठेवून पाहिला. आवाज उशीतून वर येई, कानाला काही टोचत नसे. तो कायम झाला.

ऐकायचं काय, हे अवघड निघालं. गोष्टी लावल्या तर पुढे काय होतं ते कळेपर्यंत तो जागा राही. बातम्या लावल्या तर मीच उठून चुका काढत बसे. एका ॲपवर लाटांचे तयार आवाज होते. समुद्रावर आयुष्य गेलेल्या माणसाला ते चालतील असं मी धरून चालले. त्याने थोडा वेळ ऐकलं.

“हे काय आहे?”

“समुद्र.”

“आम्हाला कुठे ऐकू येतो समुद्र? तो तुम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना.”

केबिनमध्ये ऐकू येतं ते इंजिन, हे मला तेव्हा कळलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण हे मी कधी विचारलं नव्हतं. इंटरनेटवर जहाजाच्या इंजिनांचे आवाज शोधले. पहिला ऐकून तो म्हणाला, हा जनरेटर आहे. दुसरा ऐकून म्हणाला, हे टगबोटीचं. त्याच्याच जहाजावर अजून काम करणाऱ्या एका मित्राला त्याने निरोप पाठवला. जहाज बंदराला लागल्यावर मित्राकडून उत्तर आलं. जहाज चालू असताना त्याने केबिनच्या जमिनीवर फोन ठेवून आवाज भरून घेतला होता. सोबत लिहिलं होतं: “घरी जाऊन पण ड्युटी करतोस काय?”

त्या रात्री तो आवाज उशीखाली लागला आणि नवरा मी दिवा मालवायच्या आत झोपला. झोपताना काही ऐकायचं तर ते अर्ध्या तासाने आपोआप बंद होईल असं लावावं, असा सल्ला सगळीकडे दिलेला असतो. मी तसं लावलं होतं. आवाज थांबला त्या क्षणी तो उठला, अंधारात खुंटीवर हात फिरवून काहीतरी शोधू लागला आणि मग अनवाणीच दार उघडून अंगणात गेला. मी मागोमाग गेले.

“काय शोधत होतास?”

“बॉयलर सूट,” तो म्हणाला, म्हणजे इंजिनरूममध्ये घालायचा कामाचा पोशाख. तिथेच उभ्याने त्याने सांगितलं की जहाजावर रात्री इंजिनरूममध्ये कोणी नसतं. ज्याची पाळी तो आपल्या केबिनमध्ये झोपलेला असतो. धोक्याची घंटा असते, पण तिच्याआधी शांतता येते. इंजिन थांबलं की इंजिनिअरने उठायचं, हे कोणी शिकवत नाही.

दुसऱ्या रात्री मी तो आवाज संपला की पुन्हा सुरू होईल असा लावला. मित्राचा तुकडा लहान होता. तो संपून पुन्हा सुरू होताना मध्ये एक फट पडे. मला ती मुद्दाम कान देऊनही जेमतेम ऐकू येत होती. नवरा प्रत्येक फटीला डोळे उघडत होता. ऑफिसात व्हिडिओंचे आवाज जोडायचं काम मी पाहिलेलं होतं. तुकड्याचा शेवट त्याच्याच सुरुवातीवर चढवला, एक ओसरताना दुसरा वाढेल असा, आणि असे जोड देत रात्रभर पुरेल इतकी लांबी केली. तो सकाळपर्यंत झोपला. सासूबाईंनी पलीकडच्या खोलीतून येऊन विचारलं, “गिरण घातलीस काय गो घरात?”

हे रोजचं झाल्यावर मला कुतूहल वाटलं की आवाज अगदी सावकाश कमी करत नेला तर? पहाटेकडे इंजिन थोडं थोडं मंद होईल असा बदल मी केला. त्याला सांगितलं नाही. आवाज निम्म्यावर यायच्या आत तो उठून बसला.

“पोर्ट आलं?”

“आलं नाही. मी आवाज कमी केला.”

“स्लो झालं की स्टँडबाय असतं,” तो म्हणाला. बंदर जवळ येतं तेव्हा इंजिन मंदावतं आणि सगळ्यांना खाली बोलावतात. “हे उद्योग करू नको. आहे तसं राहू दे.”

तसं ठेवलं. दरम्यान एजंटचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा नवरा म्हणाला, सांगतो.

धनत्रयोदशीच्या रात्री आमच्या भागातली लाइट गेली. पंखा थांबला, पण स्पीकर बॅटरीवर चालत राहिला. दिवसा तो चार्ज करायचा माझ्याकडून राहिला होता, त्यामुळे पहाटे तोही बंद पडला. नवरा उठून बसला. मीही जागी झाले. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

“बंद पडलं?” त्याने विचारलं.

“हो. चार्जिंग संपलं.”

“पंखा?”

“लाइट गेलीय.”

“मग महावितरणचं काम आहे,” तो म्हणाला. “माझं नाही.” आणि आडवा झाला.

त्यानंतर त्याला झोप लागली की नाही हे मला सांगता येणार नाही. त्याच्याआधी मी झोपले. सकाळी उठले तेव्हा लाइट आलेली होती, तो कुशीवर झोपलेला होता आणि स्पीकर बंदच होता. दहाच्या सुमारास त्याने एजंटला फोन केला. जागा दुसऱ्याला द्या, असं त्याने सांगितलं.