पडवीतला काटा

वसईतल्या आमच्या वाडीच्या पडवीत तुळईला एक लोखंडी काटा टांगलेला असे. त्याच्या कडीला केळीचे घड अडकवून वडील वजन बघत आणि मगच ते टेम्पोत चढवत. ईस्टरच्या सकाळी मात्र चर्चमध्ये मिस्सा आटोपून सगळे घरी आले की त्याच कडीला दोरीने पाट बांधला जाई आणि नातवंडांना एकेक करून त्यावर बसवलं जाई. वडील आकडा मोठ्याने वाचत. माझी बहीण तो खडूने भिंतीवर लिही, मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी. ज्याचं वजन सर्वांत जास्त वाढलं असेल त्याला पहिला फुगा मिळे. फुगा म्हणजे आंबवलेल्या मैद्याचा तळलेला गोळा. आमच्याकडे सणाला तो हवाच.

मीही याच पाटावर बसून वाढलो. वडिलांच्या लहानपणी घरातलं मूल अंगाने भरणं ही चांगली बातमी असे. त्यामुळे या रिवाजात काही वावगं आहे असं कोणाच्या मनात आलं नाही.

मागच्या वर्षी पहिला फुगा माझ्या मुलीला मिळाला. ती तेव्हा बारा वर्षांची होती. आकडा इथे देत नाही. काट्याकडे बघून वडील म्हणाले, "घड भरला गं बाई! आता टेकू लावायला हवा." भरलेल्या घडाने केळ वाकते, म्हणून तिला बांबूचा टेकू देतात. वडील वाडीची बोली बोलतात. इथे ती सोपी करून लिहिली आहे. सगळे हसले. मुलगीही हसली. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे, मथळे देणं हे माझं काम. पाटावर बसलेल्या मुलीचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘वाडीत यंदा विक्रमी पीक’. सगळ्यांना तो मथळा फार आवडला.

यंदा राखेच्या बुधवारी, प्रायश्चित्तकाळ सुरू झाला त्या दिवशी, तिने जेवताना जाहीर केलं की या काळात ती गोड खाणार नाही. ईस्टरआधीच्या या चाळीस दिवसांत आमच्याकडची मुलं काही ना काही सोडतात. कोणी चॉकलेट सोडतं, कोणी मोबाइलवरचा खेळ. आम्ही तिचं कौतुक केलं. दुसऱ्या आठवड्यात तिने मटण-मासळी सोडली, मग तळलेलं, मग रात्रीचा भात. धर्मशिक्षणाच्या वर्गात बाईंनी तिचं उदाहरण दिलं. माझी बहीण फोनवर म्हणाली, "नाहीतर आमचा बघ. त्याने भेंडी सोडलीय. भेंडी तो एरवीही खात नाही."

त्याच सुमारास मीही वजन उतरवत होतो. मोबाइलवर एक ॲप घेतलं होतं. ताटात पोळी पडली की तिच्या कॅलरी मी सगळ्यांना वाचून दाखवत असे. आकडा तपासून सांगायची सवय कामावरून घरी आली होती. मुलगी ते लक्ष देऊन ऐकायची. मला वाटायचं, चला, पोरीला विज्ञानात रस आहे.

गडबड आहे हे बायकोने ओळखलं. ती माणिकपूरच्या एका शाळेत शिकवते आणि वर्गातली मुलं डबा खातात की नुसताच चिवडतात हे तिला लांबून कळतं. बोळिंजच्या आमच्या घरात एका रविवारी ताटं वाढून झाली तेव्हा मुलगी म्हणाली, "मला नको, माझा त्याग आहे." ती खोलीत गेल्यावर बायको हळू आवाजात म्हणाली, "आज रविवार आहे."

मला एवढं पुरेसं होतं. रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी आमच्या घरात त्याग सुटतो. मुलांना हा नियम सर्वांत आधी पाठ होतो. शनिवारी रात्रीपासून ती चॉकलेट हाताशी ठेवतात. ही मुलगी रविवारीसुद्धा सोडत होती. मग ती सोडत होती ते देवासाठी नव्हतं. गेल्या तीन रविवारी ती काय जेवली ते मी आठवू लागलो. एकही रविवार मला सांगता आला नाही. बायकोला दोन सांगता आले, आणि दोन्ही चांगले नव्हते.

विचारायचं कसं, यावर आमचं एकमत झालं नाही. शेवटी मी तिला स्कूटरवर मागे बसवून सुकेळी आणायला वाडीवर निघालो. समोरासमोर बसलं की ती गप्प होते, पाठीमागून मात्र बोलते. अर्ध्या वाटेवर आवाज आला, "पप्पा, ईस्टरला काटा असणार?"

"दरवर्षी असतो."

"मला पहिला फुगा नकोय."

स्कूटर बाजूला घेतली. तिने मागचं सगळं सांगितलं. टेकू शब्द दोन चुलत भावांनी उचलला होता आणि वर्षभर तिला त्याच नावाने हाक मारली होती. ग्रुपवरचा फोटो शाळेतल्या एकीपर्यंत पोहोचला होता. अलीकडे पायऱ्या चढताना तिला चक्कर येत होती. मी म्हणालो, "मथळा माझा होता. चुकलंच माझं. आता घरी गेल्या गेल्या फोटो काढून टाकतो."

"काढून काय उपयोग? सगळ्यांनी सेव्ह केलाय." मग पुन्हा स्कूटरवर बसताना, "पण काढा."

दुसऱ्या दिवशी तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, रक्त तपासायला सांगितलं, वजन घेतलं आणि आकडा तिला दाखवला नाही. तिला बाहेर बसवून आम्हाला म्हणाल्या, वेळेत आलात. दर आठवड्याला आणायचं, वजन उतरणं थांबलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यायची, त्यात लाजायचं नाही. तोवर घराने करायचं ते असं: एकत्र जेवायचं, घासागणिक सौदे करायचे नाहीत, पदार्थांना चांगला-वाईट म्हणायचं नाही, आणि कोणाच्याही शरीरावर टिप्पणी करायची नाही. स्वतःच्याही नाही. हे शेवटचं त्या माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या असं मला वाटलं. बायको म्हणते, तसं काही नव्हतं.

ॲप काढलं. बायकोने आरशासमोर साडी नेसताना स्वतःच्या जाडीबद्दल म्हणायचं तिचं नेहमीचं वाक्य बंद केलं. पहिले काही दिवस ती तोंड उघडून तसंच मिटायची. मुलीचा त्याग बदलून घेतला. खाण्याऐवजी तिने शेजारी राहणाऱ्या धाकट्या मावसभावाशी भांडण सोडलं, जे जास्त अवघड होतं. पहिल्या आठवड्यात ती ताटाकडे बघून जेवली. दुसऱ्या आठवड्यात तिने आमटीत मीठ कमी असल्याची तक्रार केली. बायकोने आनंदाने मीठ पुढे केलं. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी समाधानाने मान डोलावली, पण येत राहा म्हणाल्या.

वडिलांना सांगणं बाकी होतं. मी सांगितलं तेव्हा ते सुपारी कातरत होते. हात थांबला.

"म्हणजे माझ्यामुळे पोर उपाशी राहिली?"

"एकट्या तुमच्यामुळे नाही, बाबा. छापलं मी."

"मी कौतुकाने बोललो होतो रे."

"मीसुद्धा."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग विचारलं, "तुमच्या पेपरात चूक छापली तर काय करता?"

"दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो."

"कुठे?"

"आतल्या पानावर. लहानशी."

"चूक पहिल्या पानावर आणि दुरुस्ती आत? चांगला धंदा आहे," ते म्हणाले आणि केळीत निघून गेले.

ईस्टरच्या सकाळी चर्चमधून वाडीकडे येताना मुलगी माझ्या शेजारून चालत होती आणि पडवी जवळ येईल तशी मागे पडत होती. पडवीशी आलो. तुळईला काटा नव्हता. पाट होता, पण दोन दोऱ्यांवर, झोका. मागची भिंत नवीन चुन्याने पांढरी केलेली होती. माझ्या लहानपणापासूनचे सगळे आकडे गेले होते, माझेही.

"आजोबा, काटा कुठाय?" मुलीने विचारलं.

"मागे, केळ्यांच्या शेडमध्ये. त्याचं काम तिकडे."

माझी बहीण फुग्यांचं टोपलं घेऊन बाहेर आली आणि सवयीने सुरू झाली, "अगं, किती गं बारीक..."

"वजन विचारायचं तर केळ्याचं विचार," वडील ओरडले. बहिणीने जीभ चावली आणि टोपलं मुलीच्या हातात दिलं. "धर. पहिला कोणाला ते तू ठरव."

मुलीने पहिला फुगा आजोबांना दिला. ‘टेकू’ म्हणणाऱ्या दोघा भावांना झोक्यासाठी रांगेत शेवटी उभं केलं, आणि त्यांनी मुकाट्याने ऐकलं. मग ती पाटावर बसली. वडील मागून झोका देत होते, तिच्या दोन्ही हातांत फुगे होते, त्यामुळे दोऱ्या कोपरांत धरल्या होत्या. तिने किती खाल्ले ते मी मोजलं नाही.

दुपारी टोपलं रिकामं झालं तेव्हा ती माझ्याकडे आली. "पप्पा, ग्रुपवर टाकणार ना?"

"तू सांगशील ते."

तिने टोपल्याचा फोटो काढून दिला आणि मथळा सांगितला, ‘फुगे संपले’.

"एवढंच? कोणी संपवले ते नको?"

"नको," ती म्हणाली. "ते छापायचं नाही."