प्रमोद सरांची शिष्या

हट्टा गावच्या बुद्धविहारात वंदना संपली, बाया उठल्या आणि करुणा बसूनच राहिली. हिचं ध्यान लागलं, असं शेजारणींना वाटलं. खरं तर गुडघे उठू देत नव्हते. शेवटी दोघींनी काखेत हात घालून तिला उभं केलं. पंचेचाळिशीत ही गत! सगळा दिवस शिलाई मशीनवर जायचा, दुसरं काय होणार?

वसमतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुडघे ठीक आहेत. मांड्यांत ताकद उरली नाही. व्यायाम करा."

करुणानं मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि त्यातल्या पोरीच्या बरोबरीनं उठाबशा काढल्या. दुसऱ्या दिवशी मशीनचं पायडल हलेना, संडासात भिंत धरून बसावं लागलं. मग तिनं आपली अक्कल चालवली. खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं, अंग दुखेस्तोवर न्हाई. एक दिवस करायचं, एक दिवस सोडायचं. ते सोपं झाल्यावर तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये थोडी वाळू भरून ती उचलायची. हलकी वाटली की आणखी एक ओंजळ.

तिचा नवरा प्रमोद शाळेत लिपिक होता. गाव त्याला 'सर' म्हणायचं, आणि गावाची ती चूक त्यानं कधी सुधारली नव्हती.

"काहून करून राहिली हे? पोलीस भरती निघाली का बायांची?" तो चहा पिता पिता विचारायचा.

पण एके दिवशी भरलेलं गॅस सिलिंडर तिनं एकटीनं दारातून आत आणलं, आणि प्रमोदची थट्टा बंद पडली. त्यानं हिंगोलीहून डंबेल आणले. ते पलंगाखाली प्लास्टिकातच राहिले, पण हॉटेलावर प्रोटीनवर भाषणं सुरू झाली. "पाया पक्का पायजे. म्हणून मी तिला आधी पायापासून सुरू करायला लावलं," तो सांगायचा. लोक माना डोलवायचे.

करुणाच्या कानावर हे आलं. राग आला, पण वाळू उचलत होते ते तिचे हात, त्याचे न्हाई. तेवढ्यानं तिचं समाधान झालं.

एका रविवारी त्याचा मित्र वैजनाथ घरी आला. "सर, जरा दाखवा की कसं उचलायचं ते."

प्रमोदनं वाकून पलंगाखालचे डंबेल ओढले, झटक्यात उचलले आणि तसाच वाकलेला राहिला. कंबर धरली होती. वैजनाथ नुसताच "अरे बाप रे" करत राहिला. करुणा धावत आली. गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून, नवऱ्याला छातीशी धरून तिनं उचललं आणि पलंगावर निजवलं.

मधल्या मधे लोंबकळत प्रमोद कण्हला, "बराबर! पाठ सरळ! मी सांगितलेलं ध्यानात हाय ना?"

"व्हय," करुणा म्हणाली. "आता बोलू नका."

वैजनाथनं जे पाहिलं ते गावभर सांगितलं: सरांची शिष्या सरांनाच उचलते, असं शिकवलंय सरांनी!

आठवडाभरात शेजारच्या पुनम आणि पद्माबाई सकाळीच अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, आमाला बी शिकायचंय. सर कुठं हायेत?"

"शेक घेऊन पडलेत," करुणानं खुर्च्या बाहेर मांडत सांगितलं. "बसा. आता हात न टेकता उठा."