झोपलेल्या लेकरांची तपासणी

हळद घातलेल्या मऊ खिचडीचा वास आला की वालूरकडच्या एका पाळणाघरात मी घातलेला गोंधळ आठवतो. कापूस वेचणीचे दिवस होते. वेचणीला गेलेल्या बायांची लेकरं तिथं दिवसभर राहायची आणि त्या पाळणाघराचा दर्जा ठरवायला मला पाठवलं होतं. दर्जा घसरला की पाळणाघर बंद, लेकरं पुन्हा बांधावर उन्हात, हे सेविकाबाईंना ठाऊक होतं. मी मात्र साहेबी थाटात दारातूनच "नमस्कार, तपासणी आहे" असा गरजलो, आणि तसलीच खिचडी जेवून गोधड्यांवर निजलेली सगळी लेकरं एका सुरात रडायला लागली. बाईंचा चेहरा उतरला. मदतनीस मावशी म्हणाल्या, "उठवलंत ना साहेब, मग घ्या आता एक," आणि एक शेंबडी पोर माझ्या हातात दिली. बाकीची दोघींनी थोपटून, गुणगुणून पुन्हा निजवली. माझी पोर माझ्या कॉलरीला धरून खांद्यावरच झोपली. मी निघायला लागलो तशा मावशी कुजबुजल्या, "हलू नका, लेकरू झोपायलंय." मग भिंतीला टेकून, उभ्या उभ्याच मी त्यांना 'अ' दर्जा दिला आणि सुधारणा म्हणून लिहिलं, 'तपासणीला येणाऱ्यांनी हळू बोलावे.' रात्री जेवताना हे सगळं मी बायकोला हातवारे करून सांगितलं. ती म्हणाली, "लय चांगलं केलंत. आता आपल्या लेकीलाबी घ्या खांद्यावर, तुमच्याच आवाजानं उठलीय."