गुंडू नेसरीला गेला त्या दुपारी

उद्यमनगरात ‘मुनव्वर ऑटो इलेक्ट्रिक’ शोधत फिरावं लागत नसे. कुठल्याही वर्कशॉपवाल्याला विचारलं की तो हातातला पाना खाली न ठेवता नुसत्या हनुवटीनं दिशा दाखवायचा. त्या पाटीखाली बावीस वर्षं दोन माणसं काम करत होती. पट्ट्या वाकवणं, भोकं पाडणं, पाइप बसवणं गुंडूकडे. बॅटरीपासून बटणापर्यंतची तार मुनव्वरकडे. पाटीवर नाव एकाचंच होतं. त्यावरून दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं.

मुनव्वरचा एक हट्ट सगळ्या गल्लीला पाठ होता. बॅटरीतून निघालेली वीज गाडीच्या अंगातूनच माघारी जाते, म्हणून अर्थिंगच्या, म्हणजे तार पत्र्याला जोडणाऱ्या बोल्टखालचा रंग खरवडून कोरं लोखंड दिसलं पाहिजे; रंग राहिला तर वीज अडते, तार तापते, मोटर जळते. “रंगावर बोल्ट आवळणारा म्हंजे तोंडाला फडकं बांधून पंगतीला बसलेला पावणा,” असं तो नव्या गिऱ्हाइकाला हमखास ऐकवायचा. गुंडू मागून म्हणायचा, “झालं, कीर्तन सुरू.”

यंदा श्रावणात ऋतुराजची जीप आली. फाउंड्रीवाल्या घरातला मुलगा, दर रविवारी मित्रांबरोबर डोंगरात, चिखलात गाडी घालणारा. चिखलात चाक रुतू नये म्हणून ही मुलं टायरमधली हवा कमी करतात आणि डांबरीवर आल्यावर पुन्हा भरतात. घाटात हवा भरून द्यायला कोण बसलंय? म्हणून त्याला कॉम्प्रेसर गाडीतच हवा होता, बॉनेटखाली, कायमचा.

गुंडूनं दीड दिवसात पट्टी घडवली, कॉम्प्रेसर बसवला, पुढच्या-मागच्या चाकांपर्यंत पाइप नेले, प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं. शुक्रवारी दुपारी त्याला नेसरीला जायचं होतं. बहिणीच्या नातवाचं बारसं होतं.

“तारांचं उद्या करूया की, मी आल्यावर,” तो निघताना म्हणाला.

“तारांत तुझं काय काम?”

“काम न्हाय. पण थांब की एक दिवस.”

“पोराला रविवारी गगनबावड्याला जायचं हाय. जा तू, बारशाच्या घुगऱ्या संपतील.”

गुंडू पिशवी घेऊन दारापर्यंत गेला आणि पुन्हा वळला. “अर्थिंग तेवढं नीट बघून कर.”

“मला शिकवतोस व्हय रं?” मुनव्वर हसत म्हणाला, पण त्याला ते लागलं.

त्यानं बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला. बटण दाबलं की मोटरला वीज सोडणारा रिले पाण्यापासून उंच ठेवला. तार गरम भागाला टेकू नये म्हणून लांबून फिरवून घेतली आणि दर चार बोटांवर बांधली. शेवटी अर्थिंग. जीप राखाडी रंगाची होती. बॉनेटच्या सावलीत वाकून त्यानं पॉलिश पेपर घासला. घासलेल्या जागी चकाकी दिसली, निदान तशी वाटली. बोल्ट आवळून बटण दाबलं. कॉम्प्रेसर घरघरला, हवा आली. संध्याकाळी ऋतुराज गाडी घेऊन गेला.

सोमवारी सकाळी जीप परत दारात. बरोबर ऋतुराज आणि त्याचे तिघे मित्र.

“भाई, तुमचं नाव ऐकून आलो होतो,” ऋतुराज म्हणाला. “एक टायर भरला आणि बंद. जळका वास. घाटात, धो धो पावसात चार तास उभे होतो. शेवटी एका टेम्पोवाल्याच्या पायपंपानं हवा भरली.”

“चौघं आळीपाळीनं नाचत होतो पंपावर,” एक मित्र म्हणाला. बाकीचे हसले.

मुनव्वरनं बॉनेट उघडलंही नाही. “तार माझी हाय, ती दगा देणार न्हाय. पाइप गळत असंल. हवा गळली की मोटर थांबायचं नावच घेत न्हाय. मग जळणारच.”

चौघांनी गुंडूकडे पाहिलं. तो कोपऱ्यात लाकडाच्या भुशानं हाताचं ग्रीस काढत होता.

“मी फेस लावून बघितलं हुतं,” तो शांतपणे म्हणाला.

“बघितलं असशील. पण तुला नेसरीची घाई हुती की! बारशाच्या नादात सांधा ऱ्हायला आसंल ढिला.”

कोणीतरी फिसकन हसलं. गुंडूनं हात पुसले. आपले पाने, हातोडी, ग्राइंडर एकेक करून पोत्यात भरले. मग पोतं खांद्यावर टाकून निघून गेला. बावीस वर्षांचं सामान एका पोत्यात मावलं.

दुसऱ्या दिवशी मुनव्वरनं एकट्यानं जीप उघडली. आधी पाइपच्या सांध्यांना फेस लावला. कॉम्प्रेसर मुका होता म्हणून बाहेरच्या पंपानं हवा सोडली आणि प्रत्येक सांध्यापाशी तोंड नेऊन पाहिलं. एकही बुडबुडा नाही. मग तो अर्थिंगकडे आला. तारेच्या टोकावरचं प्लॅस्टिक वितळून काळं पडलं होतं. त्यानं नट काढला, मोबाइलचा टॉर्च लावला, चेहरा अगदी पत्र्याशी नेला. खाली रंग होता. राखाडी, जवळजवळ अखंड. वर फक्त पॉलिश पेपरचे पुसट ओरखडे. डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून त्यानं नखानं पाहिलं. नखाखाली रंगाची पापडी आली.

गुंडू हातकणंगल्यात स्टेशनजवळ मेव्हण्याच्या शेडमध्ये लोखंडी गेट घडवत होता. मुनव्वर येताना दिसला तरी त्यानं ग्राइंडर थांबवला नाही. हातातली पट्टी पुरी झाल्यावर बंद केला.

“पाइप गळत न्हवता,” मुनव्वर म्हणाला.

“मला म्हाइत हाय.”

“रंग ऱ्हायला खाली. कसा ऱ्हायला कळंना. आजवर कधी—”

“दोन वरसं ऱ्हातोय.”

“म्हंजे?” मुनव्वरनं विचारलं.

“तू नट आवळून च्या प्यायला जायचास,” गुंडू म्हणाला. “मी काढायचो, घासायचो, परत आवळायचो. लाल गाडी असली तर तुला दिसतंय. पांढरी, राखाडी असली की दिसत न्हाय.”

“आन् मला सांगितलं न्हाईस?”

“सांगितलं की. डोळं दाखवून घे म्हणलं, तर पंधरा दिवस माझ्याशी बोलला न्हाईस. वैनी बोलल्या, तर त्यांच्या अंगावर गेलास. मग म्हणलं, मरू दे. नट काढायला असा किती येळ लागतोय?”

शेडच्या पत्र्यावर पावसाचे थेंब वाजू लागले. “चल परत,” मुनव्वर म्हणाला.

“येतो. ज्या चौघांसमोर बोललास, त्या चौघांसमोर मागं घे. पाटीवर नाव नको मला. तेवढं कर, दुसऱ्या दिवशी दारात हुबा ऱ्हातो.”

बुधवारी मुनव्वरनं जीप दुकानाबाहेर उन्हात घेतली. खड्डा पडेपर्यंत लोखंड खरवडलं, तारेचं टोक बदललं, जळलेली मोटर काढून नवी घातली. संध्याकाळी ऋतुराज आला. योगायोगानं तिघेही बरोबर होते. बटण दाबलं. एकामागून एक चारी टायर भरले, कॉम्प्रेसर घरघरत राहिला.

“एक नंबर!” ऋतुराज म्हणाला. “काय झालं होतं मग? पाइपच ना?”

चौघंही मुनव्वरकडे बघत होते. एकाच्या हातात मोबाइल होता. त्यांच्या ग्रुपवर ऐंशी जीपवाले आहेत, हे मुनव्वरला ठाऊक होतं. आता म्हटलेलं घरी पोचायच्या आत गावभर होणार होतं: मुनव्वरला दिसत नाही. त्यानं फडक्याला हात पुसले. मग पुन्हा पुसले.

“व्हय,” तो म्हणाला. “पाइपच. बदलला मी.”

“बरं झालं, म्हातारा गेला ते. तुमचं नाव खराब केलं असतं त्यानं.”

मुनव्वरनं बटण बंद केलं.

शनिवारी एक पांढरी जीप आली. ऋतुराजनंच धाडलेली. पट्टी आणि पाइप बाहेरून करून आणले होते. मुनव्वरनं तारा ओढल्या, पत्रा बराच वेळ घासला, बोट फिरवून पाहिलं, नट आवळला. मग सवयीनं चहाला गेला. टपरीवर तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. दुसरा कप मागवला, तोही सावकाश प्यायला.

परत आला तेव्हा नट त्यानं आवळला होता तसाच होता.